कारल्याची कॅसेट

शुक्रवारी सकाळी नऊ ते अकरा आमच्या घरात कुकर लावायचा नाही, असा कायदा होता. कायदा अब्बांचा, आणि तो पाळताना जीव जायचा अम्मीचा. शारजातल्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांच्यामध्ये दार नव्हतं, नुसता मण्यांचा पडदा होता. पडद्याच्या अलीकडे टेबलावर रेडिओ, आणि रेडिओच्या तोंडाशी तोंड लावून टेपरेकॉर्डर. दोघांना जोडणारी वायर आमच्याकडे नव्हती, म्हणून रेडिओतून येणाऱ्या आवाजाबरोबर घरातलं खोकणं, शिंकणं, दारावरची बेल, सगळंच टेपमध्ये जायचं. बाकीच्यांना अब्बा डोळ्यांनी गप्प करायचे, कुकरपुढे मात्र त्यांचे डोळे चालत नसत. मग अम्मी उघड्या पातेल्यात डाळ चढवायची आणि ती शिजेपर्यंत पुटपुटत राहायची. एवढ्या वेळात आमच्या गावी भात लावून कापूनही होतो, असं तिचं म्हणणं होतं.

हे सगळं ज्यांच्यासाठी चालायचं ते म्हणजे गॉर्डनसाहेब. इंग्रजी स्टेशनवर दर शुक्रवारी जुनी गाणी लावणारे एक म्हातारे इंग्रज. आपल्या देशात आयुष्यभर रेडिओवर बोलून झाल्यावर निवृत्तीत स्वस्थ बसायचं सोडून ते इकडे वाळवंटात येऊन पुन्हा बोलायला लागले होते. त्यांचा आवाज जाड, थोडा घोगरा आणि कमालीचा सावकाश. गाणं लावण्याआधी कागद चाळल्याचा आवाज यायचा, मग चहाचा एक घोट, तोही चांगला ऐकू येईल असा, आणि मग ते म्हणायचे, "नाऊ देन." पुढे तीन-चार मिनिटं त्या गाण्याची कुळकथा. कुठल्या गायिकेची आई स्टुडिओत विणकाम घेऊन बसायची, कुठला पियानोवाला बूट काढल्याशिवाय वाजवत नसे, कुठलं गाणं कंपनीने आधी फेकून दिलं होतं आणि कुणी ते कचऱ्यातून उचललं. माणूस आपल्याच घरातल्या मंडळींबद्दल सांगतोय असं वाटायचं. मधूनमधून त्यांच्या सोबतीला पॅम नावाच्या एक बाई असायच्या. त्याही साठीच्या पुढच्या. गॉर्डनसाहेबांनी एखादी गोष्ट जास्तच फुगवली की त्या "रिअली, गॉर्डन?" एवढंच म्हणायच्या. अम्मीला इंग्रजी येत नव्हतं, पण पॅमबाईंचा तो सूर तिला बरोबर कळायचा. "ही बाई शहाणी आहे," ती पातेल्यावरून म्हणायची.

अब्बांना तरी इंग्रजी कुठे धड येत होतं? रत्नागिरीकडच्या आमच्या गावातल्या मराठी शाळेत ते सातवीपर्यंत शिकले आणि मग जहाजावर लागले. जहाज प्रवाशांचं होतं आणि अब्बा पॅन्ट्रीत बशा पुसायला होते. भिंतीपलीकडच्या सलूनमध्ये, म्हणजे प्रवाशांच्या दिवाणखान्यात, संध्याकाळी बँड वाजायचा. ती गाणी त्यांनी पाच वर्षं भिंतीतून ऐकली. शब्द कळले नाहीत, गाणाऱ्यांची नावं कळली नाहीत, वाजवणारे दिसलेही नाहीत, पण चाली अंगात मुरल्या आणि त्या ते शिट्टीवर वाजवायला लागले. पुढे जहाज सोडून ते दुबईत रास अल खोरला ट्रकच्या स्पेअर पार्टच्या दुकानात स्टोअरकीपर झाले, तरी तोंडातली शिट्टी सुटली नाही. गॉर्डनसाहेब पहिल्यांदा ऐकले तेव्हा भिंतीपलीकडच्या माणसांना एकेक करून नावं मिळाली, असं ते सांगायचे. माझा नवरा म्हणतो की मी त्याच्या सासऱ्यांबद्दल फुगवून सांगते. त्याला मी पॅमबाई म्हणते.

खरी गंमत पुढे आहे. त्या काळात रेडिओवरून गाणी टेप करणारे घरोघरी होते. निवेदक बोलायला लागला की ते पटकन पॉज दाबायचे आणि गाणं सुरू झालं की सोडायचे. आमच्या अब्बांचं उलटं. गॉर्डनसाहेब बोलायला लागले की टेप चालू, गाणं सुरू झालं की पॉज. नासिर, म्हणजे माझा मोठा भाऊ, एकदा वैतागून म्हणाला, "अब्बा, द साँग इज द मेन थिंग." अब्बा शांतपणे म्हणाले, "गाणं सूकमधे कुठल्याही दुकानात मिळतं रे. बोलणं कुठे मिळतं, सांग." बाजाराला ते शेवटपर्यंत सूकच म्हणत. तर अशा रीतीने डॅनिश बिस्किटांच्या तीन डब्यांत एका इंग्रज म्हाताऱ्याचं नुसतं बोलणं साठलं होतं. आणि कॅसेटवर नाव काय घालायचं? तारखा त्यांच्या लक्षात राहात नसत. त्या शुक्रवारी घरात जे शिजलं असेल ते ते मराठीत लिहायचे. 'कोळंबी पुलाव', 'सुरमई', 'डाळ-सुकट', 'सांदणं, पाहुणे होते'. कुठल्या टेपमध्ये कुठली गोष्ट हे त्यांना जेवणावरून बरोबर आठवायचं. बूट काढणारा पियानोवाला 'डाळ-सुकट'मध्ये होता.

तेव्हाची शुक्रवारची सुट्टी आता शनिवार-रविवारी झाली आहे. शनिवारी सकाळी मी फोनवर असल्याच एका ऐंशी पार केलेल्या इंग्रज बाबांचं बोलणं ऐकत असते. ते आपल्या घरातूनच बोलतात आणि मागे कुत्रं भुंकतं. परवा नात शेजारी येऊन बसली, दोन मिनिटं कसंबसं ऐकलं आणि म्हणाली, "नानी, वेअर इज द स्किप बटन?" नाही म्हटलं बाई. आमच्या घरात ते गाण्यासाठी असायचं.

गॉर्डनसाहेबांची लागण घरभर होती. भाकरी मोडण्याआधी अब्बा "नाऊ देन" म्हणायचे. दुकानात कुणी गिअरबॉक्स मागितला की तो हातात द्यायच्या आधी त्याची कुळकथा सांगायचे. हा कुठून आला, आधी कुठल्या गाडीत होता, त्या गाडीचा ड्रायव्हर किती भला माणूस होता. पठाण ड्रायव्हर उन्हात उभे राहून ऐकायचे आणि शेवटी म्हणायचे, "यल्ला चाचा, अभी दे भी दो." नासिर तर गॉर्डनसाहेबांची नक्कल इतकी हुबेहूब करायचा की पॅमबाईंनीही फसावं. चहाच्या घोटासकट. मी मात्र अब्बांची शिट्टी उचलली होती, आणि त्यावरून अम्मीच्या शिव्या खायचे. पोरीच्या जातीने शिट्टी वाजवली की घरातली बरकत जाते, असं तिच्या माहेरी पक्कं मानत. मी बाथरूममध्ये वाजवली तरी तिला ऐकू जायची, आणि लाटणं भिंतीवर दोनदा आपटलं जायचं.

अब्बांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा शुक्रवार मी पाहिला नाही. मी आठ-नऊ वर्षांची असेन. नासिर आणि मी शेजाऱ्यांबरोबर समुद्रावर गेलो होतो. बँडची एक चाल अशी होती की तिचं नाव अब्बांना गॉर्डनसाहेबांकडूनही कधी कळलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी धीर केला. अम्मीला टेपची दोन बटणं एकदम कशी दाबायची ते शिकवलं आणि खालच्या ग्रोसरीतून स्टेशनला फोन लावला. फोन लागला. गॉर्डनसाहेबांनी नाव विचारलं, आणि अब्बांचं होतं नव्हतं ते इंग्रजी पळून गेलं. त्यांनी सरळ शिट्टी वाजवायला सुरुवात केली. तिसऱ्या ओळीला साहेबांनी त्यांना थांबवलं, गाण्याचं नाव सांगितलं, चार मिनिटं त्याची गोष्ट सांगितली आणि म्हणाले, मिस्टर इब्राहिम, मूळ गाणाऱ्यापेक्षा चाल तुमच्याकडे जास्त नीट आहे. हा प्रसंग अब्बांनी आम्हाला इतक्यांदा सांगितला की तो आम्हाला शब्दान् शब्द पाठ झाला. पण ती टेप त्यांनी कुणाला ऐकवली नाही. सारखी वाजवली की टेप झिजते, म्हणायचे. कुठल्या डब्यात आहे तेही कधी बोलले नाहीत.

मी चौदा वर्षांची झाले आणि मला अक्कल आली, म्हणजे जी काही होती ती गेली. त्याच स्टेशनवर गुरुवारी दुपारी नव्या गाण्यांचा कार्यक्रम लागायचा आणि वर्गातल्या सगळ्या मुली तो टेप करायच्या. माझ्याकडे कोरी कॅसेट नव्हती. मी बिस्किटांचे डबे उघडले. एवढी मोठी गोष्ट ज्या दिवशी घडली त्या दिवशी घरात काहीतरी मेजवानी असणार, असा मी हिशोब केला, आणि 'पुलाव', 'सुरमई', 'सांदणं' यांना हात लावला नाही. तळाशी एक होती 'कारलं'. कारल्याच्या दिवशी कुणाचं काय भलं झालं असणार? मी तिच्यावर नाचाची गाणी भरली, दोन्ही बाजू. अम्मी कारलं फक्त आम्ही पोरं घरी नसताना करायची, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

चार-पाच महिने गेले. एका शुक्रवारी गॉर्डनसाहेब म्हणाले की आता डोळे कागद वाचू देत नाहीत, घरी मुलीकडे परत जातोय. पुढचा शुक्रवार शेवटचा. शेवटचा कार्यक्रम एका हॉटेलच्या हॉलमधून होईल, ऐकणाऱ्यांनी भेटायला यावं, आणि काही जुनी आठवण असेल तर घेऊन यावी. अब्बांनी पॉज दाबलं आणि साहेब पुन्हा बोलायला लागले तरी सोडलं नाही. रविवारी रात्री जेवताना ते म्हणाले की स्टेशनवाले जुन्या टेप ठेवत नाहीत, पुसून पुन्हा वापरतात, साहेबांजवळ स्वतःचा आवाज नाही. तेव्हा आपण त्यांचा आवाज त्यांना ऐकवायचा. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "शमी, डब्यातून कारलं काढून ठेव. बटण मी दाबणार, आणि बंदही मीच करणार. कोणी हात लावायचा नाही."

रात्रभर मी रडले असं लिहिलं तर शोभेल, पण खरं म्हणजे मी नासिरला उठवून सगळं सांगितलं. तो आधी म्हणाला, "यू आर डेड." मग थोड्या वेळाने म्हणाला, "आय कॅन डू गॉर्डन." मला अब्बांच्या माराची भीती नव्हती, त्यांनी कधी हात उगारला नव्हता. ज्या एका दिवसाबद्दल ते एवढं बोलायचे तो दिवस मी पुसून टाकला आहे, हे कळल्यावर त्यांचा चेहरा कसा होईल ते मला बघायचं नव्हतं.

मंगळवारी दुपारी शाळेतून आल्यावर आम्ही कपाटासमोर गादी उभी केली आणि कारल्याच्या टेपवर तो शुक्रवार पुन्हा भरला. नासिरने कागद चाळला, पाण्याचा घोट घेतला, "नाऊ देन" म्हटलं. मी अब्बांची शिट्टी वाजवली, अगदी त्यांच्यासारखी, मधे श्वास अडकतो तिथे अडकवून. मग नासिरने चार मिनिटं त्या गाण्याची गोष्ट सांगितली, ट्रम्पेटवाल्याला कशी सर्दी झाली होती ती. शेवटाकडे आत कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. नासिर कुजबुजला की उलट बरंच झालं, घरात टेप केल्यासारखं वाटेल. गुन्हेगार एवढा हुशार असला की पोलिसांना काम उरत नाही.

शुक्रवारी अम्मी आली नाही. मला काय करायचाय तुमचा गोरा, म्हणाली, आणि इथे बटण दाबायला कोणी नको का? अब्बांनी ईदचा कुर्ता घातला होता. हॉलमध्ये आमच्यासारखे साठ-सत्तर लोक असतील. इंग्रज आजीआजोबा, गोव्याचे, मंगलोरचे, एक सुदानी डॉक्टर. सगळे आपापल्या खिशातून काहीतरी काढत होते. गॉर्डनसाहेब पहिल्यांदाच दिसले. एवढ्या जाड आवाजाचा माणूस अगदी बारकासा, अर्ध्या बाह्यांच्या शर्टातला, समोर खरोखरच चहाचा मग. शेजारी पॅमबाई, त्यांच्यापेक्षा उंच. गाणं चालू असलं की ते माइक बंद करून एकेकाला भेटत. आमची पाळी आली तेव्हा अब्बांनी सलाम केला, टेबलावर आपला टेपरेकॉर्डर ठेवला (तो शेजाऱ्यांचा होता, आमचा घरी कामावर होता) आणि बटण दाबलं.

नासिरचे गॉर्डनसाहेब बोलायला लागले. खरे गॉर्डनसाहेब डोकं एका बाजूला करून ऐकत होते. पॅमबाईंच्या भुवया वर गेल्या. अब्बा बंद करायच्या बटणावर बोट ठेवून डोळे मिटून उभे होते, आणि त्यांचा चेहरा बघून मला क्षणभर वाटलं की निभावलं. मग कुकरची शिट्टी झाली. एक, आणि लगेच दुसरी. अब्बांनी डोळे उघडले. शुक्रवारी, नऊ ते अकराच्या मधे, आमच्या घरात कुकर. त्यांनी आधी टेपकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

तो चेहरा मी टाळायला निघाले होते आणि तोच माझ्यासमोर होता. ते रागावले नव्हते. हरवलेल्या मुलाला शोधताना माणूस गर्दीत बघतो तसं बघत होते. मी मराठीत बोलूच शकले नाही. "आय टेप्ड ओव्हर इट, अब्बा. द रिअल वन. इट्स गॉन." नासिर जमिनीकडे बघत म्हणाला की आवाज माझा आहे, सर.

गॉर्डनसाहेबांनी चहाचा घोट घेतला. त्यांनी मला विचारलं, त्यावर काय भरलंस? मी सांगितलं, डान्स म्युझिक. ते मान हलवत म्हणाले की माझ्या तिकडच्या स्टेशनने तीस वर्षं माझ्यावर साबणाच्या जाहिराती भरल्या, त्यापेक्षा हे बरं. पुसणारे मला पुष्कळ भेटले, पुसलेलं परत भरायला बसलेलं मी आजवर कोणी पाहिलं नाही. मग नासिरकडे वळून म्हणाले की चहाचा घोट जरा लांब झाला, मी एवढा असभ्य नाही. पॅमबाई म्हणाल्या, "रिअली, गॉर्डन?" आणि पहिल्यांदा अब्बा हसले.

गाणं संपत आलं होतं. साहेबांनी खुर्ची सरकवली, अब्बांना जवळ बसवलं आणि माइक त्यांच्याकडे फिरवला. "मिस्टर इब्राहिम, द मशीन हॅज लॉस्ट इट. आय डोन्ट थिंक यू हॅव."

अब्बांनी ओठ ओले केले आणि वाजवलं. जिथे श्वास अडकतो तिथे अडकला. तिसऱ्या ओळीला गॉर्डनसाहेबांनी बोट वर केलं, नाव सांगितलं आणि त्या गाण्याची गोष्ट सांगितली, आणि मग अख्खं गाणं लावलं. अब्बांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला होता. मी तोपर्यंत रडत होते आणि सुदानी डॉक्टरांनी मला रुमाल दिला होता. तो मी परत केला नाही याची मला आजही लाज वाटते.

जुम्म्याची नमाज करून आम्ही गाडीने घरी निघालो. सिग्नलला अब्बा म्हणाले, "मागल्या वेळी ट्रम्पेटवाल्याला सर्दी होती. आज म्हणाले दाढ दुखत होती." नासिर म्हणाला, "सो ही मेक्स इट अप." अब्बांनी गाडी पुढे घेतली. "बनवत नाहीत. आठवतात. आठवताना माणूस थोडंफार आपल्या हाताचं घालतोच. तुझी अम्मी डाळीत घालते तसं." मग आरशातून माझ्याकडे बघून म्हणाले की महिनाभर दर शुक्रवारी कारलं होईल आणि ते तू खाशील. मी ओके अब्बा म्हटलं. हायसं वाटलं मला, इतकं की मी त्या क्षणी कच्चं कारलंही खाल्लं असतं.

घरी अम्मीने दार उघडलं. टेप झाली का, अब्बांनी विचारलं. ती म्हणाली, झाली, पण ते मधलं थांबवायचं बटण मला सापडलं नाही, सगळंच गेलं आत, गाण्याबिण्यांसकट. अब्बांनी खिशातून पेन काढलं, कॅसेटवर चिकटवायची पट्टी घेतली आणि विचारलं, आज काय शिजवलंस? अम्मी पडद्याचे मणी सारखे करायला लागली. म्हणाली, काही नाही. सकाळपासून चूल पेटवलीच नाही. खालून मलबाऱ्याकडून पराठे मागवा. दहा वर्षांच्या कुरकुरीनंतर त्या दिवशी तिने उघडं पातेलंही चढवलं नव्हतं. अब्बांनी पट्टीवर लिहिलं, 'काहीच नाही'.

पराठे आले. जेवताना अब्बांनी टेप लावली. अब्बांची शिट्टी आली, साहेबांची गोष्ट आली, दाढ दुखली, आणि गाणं सुरू झालं. पॉज कोणी दाबलंच नव्हतं, त्यामुळे आमच्या घरच्या टेपवर मी पहिल्यांदाच अख्खं गाणं ऐकत होते. दुसऱ्या कडव्याला गाण्याबरोबर आणखी एक शिट्टी यायला लागली. ही रेडिओतली नव्हती. अगदी टेपच्या जवळची, बारीक, चुकत माकत, पण चाल बरोबर ओळखून चाललेली. नासिरचा हात पराठ्यावरच थांबला. घरात सकाळपासून एकच माणूस होतं.

मी अब्बांकडे पाहिलं. त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही. ते ताटाकडे बघत हसत होते, ओळखीचं काहीतरी परत भेटल्यासारखं. आणि मग मला कळलं की कारल्याच्या टेपवर काय होतं, ती त्यांनी कधी कुणाला का ऐकवली नाही, आणि बंद करायचं बटण आपणच दाबणार असं ते का म्हणत होते. त्या दिवशीही बटण अम्मीनेच दाबलं होतं, आणि तेव्हाही तिला पॉज सापडलं नव्हतं.

अम्मी उठून पडद्याआड गेली होती. टेप चालूच होती. आतून भांडी उगाच वाजली आणि मग तिचा आवाज आला, नेहमीसारखाच करडा.

"कुकरची असेल ती."